तीन महिन्यांची शुगर आणि सिकलसेलचे कार्ड

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या बाजूच्या घरांत दोन कागद जपून ठेवलेले असतात. एक सिकलसेल तपासणीचे कार्ड, ज्यावर एए, एएस किंवा एसएस असा शिक्का असतो. दुसरा शुगरचा रिपोर्ट, त्यात एचबीएवनसीचा आकडा. लोक त्याला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. हे दोन्ही कागद एकाच रक्तातल्या एकाच पदार्थाविषयी, म्हणजे हिमोग्लोबिनविषयी बोलतात. डॉक्टरांपुढे मात्र ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामासाठी जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की पहिले कार्ड पाहिल्याशिवाय दुसऱ्या रिपोर्टवर विसंबू नये.

रक्तातले ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला आपोआप चिकटते आणि लाल पेशी मरेपर्यंत तिथेच राहते. मधुमेहींच्या रक्तात हे वेगळे हिमोग्लोबिन जास्त असते, हे तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांच्या १९६८ मध्ये लक्षात आले. पुढे त्याचीच तपासणी झाली आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के ही मधुमेहाच्या निदानाची रेषा मान्य केली. उपाशी राहायला नको, सकाळी लवकर यायला नको, एकदा रक्त दिले की काम झाले. म्हणून ती सगळीकडे पसरली.

पण या आकड्यामागे एक गृहीत आहे. प्रत्येकाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, असे ते गृहीत. चुलीवरच्या आढ्याला किती काजळी धरली हे रोजच्या धुरावर ठरते, तसे आढे किती जुने आहे यावरही ठरते. पेशी लवकर मेल्या, तर साखर वाढलेली असूनही आकडा कमी येतो. आणि पेशीचे आयुष्य अनेकदा आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर अवलंबून असते.

सिकलसेल हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. भारतात हा बदल १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम दिसला. १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. गोंड, परधान, कोलाम अशा आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातल्या अनुसूचित आणि इतर मागास जातींतही तो आढळतो. ज्या प्रदेशात मलेरिया पिढ्यानपिढ्या होता, तिथे हा बदल एकाच पालकाकडून आलेली, म्हणजे वाहक (एएस) मुले त्यातून जास्त वाचली. म्हणून हे जनुक टिकले. यात कुणाच्या कुळाचा दोष नाही, हे गावोगावी पुन्हापुन्हा सांगावे लागते.

दोन्ही पालकांकडून हा बदल आलेल्या एसएस रुग्णाच्या लाल पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकतात. शिवाय त्याच्या शरीरात नेहमीचे हिमोग्लोबिन ए तयारच होत नाही, मग त्यावर चिकटलेली साखर कुठून मोजणार? रुग्णाला रक्त चढवले असेल तर यंत्र आकडा देते, पण तो बऱ्याच अंशी रक्तदात्याच्या पेशींचा असतो. अशा रुग्णाची एचबीएवनसी करूच नये.

एएस वाहकाचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण तो ठणठणीत असतो आणि आपण वाहक आहोत हेही बहुधा विसरलेला असतो. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपाशीपोटीची साखर सारखी असतानाही वाहकांची एचबीएवनसी सरासरी ०.३ ने कमी भरली. आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी आफ्रिकेहून वेगळी, अरब-भारतीय म्हणून ओळखली जाणारी आहे. त्यामुळे तो आकडा यवतमाळला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. इशारा मात्र इथेही लागू आहे. ६.३ वाचून ‘अजून मधुमेह नाही’ म्हणत घरी गेलेल्या वाहकाला तो प्रत्यक्षात असू शकतो. काही जुन्या यंत्रपद्धतींत तर एस हिमोग्लोबिनमुळे मोजणीच बिघडते.

त्याच वर्षी सुमारे १ लाख ६० हजार लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास आला. एचबीएवनसीवर परिणाम करणाऱ्या ६० जागा त्यात सापडल्या. त्यांतल्या १९ साखरेशी निगडित होत्या, तर २२ लाल पेशींशी. सर्वांत मोठा परिणाम एक्स गुणसूत्रावरच्या जीसिक्सपीडी जनुकातल्या एका बदलाचा निघाला. पुरुषाकडे एक्स एकच असतो. तो बदल असलेल्या पुरुषांत आकडा सुमारे ०.८ ने खाली येतो. तो विशिष्ट बदल आफ्रिकी वंशातला आहे, पण जीसिक्सपीडीची कमतरता आपल्याकडेही आहे. भारतातल्या आदिवासींत आढळणाऱ्या एका प्रकाराला ‘ओरिसा’ असेच नाव आहे.

उलट्या बाजूचा धोकाही आहेच. लोह कमी पडले की एचबीएवनसी खोटी वाढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २०१२ मध्ये एकविशीतल्या तरुणांवरचे काम प्रसिद्ध केले. ग्लुकोज मोजून जितके पूर्वमधुमेही निघाले, त्यांच्या जवळपास तिप्पट एचबीएवनसीने दाखवले, आणि या फरकामागचे एक कारण लोहाची कमतरता होते. आता कापूस वेचणारी, अंगात रक्त कमी असलेली आणि शिवाय एएस असलेली बाई डोळ्यांपुढे आणा. एक कारण तिचा आकडा वर ढकलते, दुसरे खाली ओढते. त्या आकड्यावरून तिची गोळी वाढवणे किंवा थांबवणे मला धोक्याचे वाटते.

उपाय महाग नाहीत. निदानासाठी शिरेतून रक्त घेऊन उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त आहे का, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त होते का, हे पाहता येते. पेशी किती दिवस जगली, याचा या मोजणीशी संबंध नाही. बोटाच्या यंत्रावर रोजची देखरेख होते, मात्र रक्त फार कमी असेल तर ते यंत्रही साखर जास्त दाखवते. मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज हवा असेल तर फ्रुक्टोसामाइन आहे. ते रक्तद्रवातल्या प्रथिनांवर मोजले जाते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. मधुमेह मात्र बहुतेकांना चाळिशीच्या आसपास आणि पुढेच गाठतो. म्हणजे ज्यांच्या एचबीएवनसीचा घोळ होऊ शकतो, त्यांतल्या अनेकांकडे सिकलसेलचे कार्डच नसणार. त्यांच्यासाठी एक सोय हाताशी आहे. एचपीएलसी यंत्रावर एचबीएवनसी करताना निघणाऱ्या आलेखात एस हिमोग्लोबिनचा उंचवटा बहुधा वेगळा दिसतो. प्रयोगशाळेने तो पाहून गप्प न बसता रिपोर्टवर स्पष्ट लिहावा आणि सिकलसेलची खात्रीची तपासणी सुचवावी. शुगर बघायला आलेल्या पन्नाशीच्या माणसाला आपण वाहक असल्याचे त्यातून कळू शकेल, आणि त्याच्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची तपासणी वेळेत करता येईल.