जीपचे हूड आणि उन्हाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उघड्या जीपच्या लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवलेल्या छताला हूड म्हणतात. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि हे छत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रुळले. पुढे कमांडर आणि मेजरने ते खेड्यापाड्यांत नेले. नाशिकला बनणाऱ्या थारलाही, अगदी २०२० च्या नव्या थारलासुद्धा, कापडी छताचा पर्याय होता.

हूड पावसाने खराब होते, असे सर्रास समजले जाते. हदगाव, हिमायतनगर, उमरखेड या पट्ट्यात तरी खरा शत्रू ऊन आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पण हुडाचे जास्त नुकसान उन्हातले अतिनील किरण करतात. हूड रेक्झिनचे किंवा कॅनव्हासचे असते. रेक्झिन म्हणजे पीव्हीसीचा थर चढवलेले कापड. त्या थराला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, ऊन-उष्णतेने हळूहळू निघून जाते. मग रंग पांढुरका पडतो, हात लावला की बोटांना पूड लागते आणि सांगाड्याच्या पाइपावर जिथे घडी बसते तिथे बारीक भेगा दिसू लागतात. पाऊस फक्त त्या भेगांतून आत येतो आणि दोष त्याच्यावर जातो.

कापडाच्याही आधी जातो तो दोरा. मागच्या कोपऱ्यातली शिवण नखाने हलकेच खरवडून पाहावी. दोऱ्याचा भुगा होत असेल तर कापड कितीही धडधाकट दिसो, ते हूड पावसाळा काढणार नाही. सुती दोरा उन्हा-पावसात लवकर कुजतो. म्हणून हूड शिवायला टाकताना पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याचा आग्रह धरावा.

काळे हूड ऊन ओढते, म्हणून ते लवकर जळते, हाही एक समज. पहिला भाग खरा आहे: काळे छत जास्त तापते आणि आत बसणाऱ्याला ते जाणवते. मात्र चांगल्या काळ्या रेक्झिनमधला कार्बन अतिनील किरण वरच्या वर शोषून घेतो, त्यामुळे असे कापड बहुधा फिक्या रंगापेक्षा जास्त टिकते.

सर्वांत घातक सवय डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्याने हूड पुसण्याची. पुसल्याबरोबर ते नव्यासारखे चमकते, म्हणूनच ही सवय सुटत नाही. प्रत्यक्षात हे द्रव रेक्झिनमधला तेलकट अंश बाहेर खेचतात आणि काही महिन्यांत कापड कडक होते. खोबरेल तेल त्या मानाने सौम्य, पण त्याच्या चिकटपणावर धूळ बसते आणि तिचा राप निघता निघत नाही. साधे पाणी, थोडा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश एवढे पुरते. धुणे सकाळी किंवा सावलीत करावे. बोअरचे पाणी जड असेल तर तापलेल्या कापडावर ते क्षणात सुकते आणि क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात.

गाडी झाडाखाली लावली की काळजी मिटली, असेही नाही. सावली हवीच, पण मोहोरलेल्या आंब्याखाली तुडतुड्यांचा चिकटा गळतो आणि पक्ष्यांची विष्ठा उन्हात भाजून डाग पाडते. दोन्ही त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढावे, खरवडू नये.

मागच्या पारदर्शक खिडकीला सगळे काच म्हणतात. ते असते मऊ प्लास्टिक. कोरड्या फडक्याने धूळ झटकली की धुळीतले वाळूचे कण त्यावर ओरखडे काढतात. काचेसाठीच्या अमोनियायुक्त फवाऱ्याने ती धुरकट होते. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मगच पुसावे. हूड काढताना ही खिडकी दुमडू नये, मध्ये मऊ सुती कापड घालून तिची गुंडाळी करावी.

उन्हाळाभर हूड काढून माळ्यावर टाकले तर ते वाचते, हा समज अर्धाच खरा. ऊन टळते, पण घडीत पडून राहिलेले रेक्झिन आकसते, घडीवर तडकते आणि जूनमध्ये पुन्हा बसवताना गाडीवरच्या बटणांपर्यंत पोहोचत नाही. उंदरांचा उपद्रव वेगळाच. त्यापेक्षा ते गाडीवर ताणलेलेच ठेवावे आणि गाडी शेडमध्ये लावावी. अवकाळीत भिजलेले हूड मात्र पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नये. बुरशी ओलीतच धरते.

जलरोधक लेप प्रत्येक हुडाला लागतो असेही नाही. तो कॅनव्हासला लागतो, कारण साबणाने आणि उन्हाने त्याचा मूळचा लेप झिजतो. रेक्झिन मुळातच पाणी शोषत नाही. त्याला अतिनील किरणांपासून जपणारे, पाण्यात मिसळणारे संरक्षक द्रव्य लावावे. गळती असेल तर ती शिवणीत शोधावी. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी एकाने आत बसावे, दुसऱ्याने वरून शिवणीवर बादलीभर पाणी सावकाश ओतावे आणि जिथे थेंब दिसेल तिथे खडूची खूण करून ती शिवण लगेच नव्याने मारून घ्यावी.