हात नाही, कंबर पाहा

बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीहून लोकल धरली, की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. या कल्याणचा गिरीश एरनाक २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या कबड्डी संघात होता. डावा कोपरारक्षक, ओळख घोट्याच्या पकडीची. त्या स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवलं. त्यांच्याही डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली, यू मुंबा आणि पुणेरी पलटणमुळे आपल्या ओळखीचा झालेला.

आपल्या पट्ट्यातल्या मुलांत ताकद आणि धाडस भरपूर आहे. चढाई वाचायला मात्र त्यांना फार कमी शिकवलं जातं, आणि याची मला मनापासून खंत वाटते. घाई महागात पडते. चढाईपटूला हात लावला आणि तो निसटून मध्यरेषेवर पोहोचला, तर पकडणाराच बाद. पुढच्या चढाईला कोपरा उघडा.

वाचायचं काय? हात हूल देतात, नजरही देते. कंबरेला खोटं बोलणं जड जातं, कारण अंगाचा भार तिच्याबरोबर सरकतो. बोनसचंच घ्या. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानात बोनस रेषेमागे उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. समोर किमान सहा बचावपटू असताना चढाईपटू ती रेषा ओलांडून पाय टेकवतो, तेव्हा त्याचा मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या निमिषाला सगळा भार एकाच पायावर, तोही कोपरारक्षकाच्या आवाक्यात. घोटा धरायचा तो तेव्हाच. आधी झेपावलात तर तो पाय मागे ओढतो; उशीर केलात तर दुसरा पाय टेकलेला असतो आणि तो वळून सुटतो.

कोपरारक्षक खाली गेला, की मध्यरक्षकाने परतीची वाट अडवायची. साखळीत हात गुंफलेले असतात ते याचसाठी: शेजाऱ्याचा झोका डोळ्यांआधी हाताला कळतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीतल्या धिप्पाड खेळाडूंना हीच शिस्त लावतात. चेंडूकडे बघत बसायचं नाही, समोरच्या अडवणाऱ्याचं हेल्मेट बघायचं. ते खाली झुकून पुढे आलं तर बहुधा चेंडू घेऊन धाव येणार. वर उठून मागे सरकलं तर फेक. तिथेही फसवणारे असतातच, म्हणून दर सरावात त्याच दोन-चार खुणा पुन्हा पुन्हा दाखवतात.

आपल्याकडे हे विनाखर्च करता येईल. सरावाची पहिली दहा मिनिटं पकडीला बंदी. चढाईपटूने अर्ध्या वेगात यायचं, कोपरारक्षकाने जागेवर पाय हलते ठेवायचे आणि भार एका पायावर आला, की फक्त ‘आता’ म्हणायचं. चुकीच्या वेळी ‘आता’ आलं, तर चढाई तिथेच थांबवून पाय कुठे होता ते दाखवायचं. मग वेग वाढवायचा, हुली वाढवायच्या, आणि पकड सगळ्यात शेवटी.