गृहस्थाचें मौन

घरांत दहा मिनिटें निवांत बसून देवाचें नांव घ्यावें म्हटलें, तर तेवढीहि शांतता मिळत नाहीं, ही तक्रार हल्लीं घरोघरीं ऐकूं येते. ती खोटी नव्हे. बैठकींत दूरदर्शन, मुलांच्या हातीं मोबाइल, स्वयंपाकघरांत मिक्सर आणि बाहेर उत्सवाचे कर्णे! केंद्र सरकारनें २००० सालीं नियम करून रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर कर्णे लावण्यास मनाई केली व वस्तीच्या भागांत रात्रीच्या आवाजास ४५ डेसिबलची मर्यादा घातली. नियम उत्तम आहे. मात्र तो मोडणारांत देवाच्याच नांवावर मोडणारे थोडे नाहींत, हेंहि सांगून टाकलेलें बरें.

परंतु बाहेरचा आवाज थांबला म्हणजे मौन साधलें, असें आपले शास्त्रकार मानीत नाहींत. गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे शारीर, वाङ्मय व मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत. मौन हें वाङ्मय तपांत असेल, असें कोणासहि वाटेल. पण तें तेथें नाहीं, मानस तपांत आहे. यावर शंकराचार्यांचें भाष्य असें कीं, वाणीचा संयम मनाच्या संयमामागून येतो. म्हणून येथें कार्याच्या नांवानें कारणच सांगितलें आहे. तोंड मिटून मनांत भाऊबंदकीचा जमाखर्च मांडीत बसलेला मनुष्य या हिशेबानें मौनी ठरत नाहीं.

बृहदारण्यकांतील प्रसंग याहून बोलका आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले व दोघी भार्यांमध्यें वांटणी करूं लागले. तेव्हां मैत्रेयीनें विचारलें कीं, या वित्तानें मला अमृतत्व मिळेल काय? मिळणार नाहीं असें कळतांच तिनें वित्त बाजूस सारलें व ज्ञान मागितलें. त्या उपदेशांत आत्म्याचें श्रवण, मनन व निदिध्यासन करावें असें सांगितलें आहे, आणि पुढें दुंदुभीचा दृष्टान्त येतो. दुंदुभि वाजत असतां बाहेर पसरणारे ध्वनि एकेक करून धरतां येत नाहींत. दुंदुभि किंवा ती वाजविणारा हातीं लागला म्हणजे ध्वनीहि हातीं आले. शंखाचें व वीणेचेंहि तसेंच. दृष्टान्ताचें मूळ तात्पर्य अद्वैतपर आहे खरें, तथापि साधकानें त्यांतून एवढें घेण्यास हरकत नसावी कीं, प्रत्येक आवाजामागें धांवून तो बंद करीत बसण्यापेक्षां सर्व आवाज जेथून उठतात तिकडे चित्त लावावें.

पण मला या प्रसंगांत अधिक महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. ऐकणारी ही घरांतील गृहिणी होती. आपल्या घरांत काय चालतें? यजमान देवघरांत बसले कीं, “हळू बोला” म्हणून मुलांना कोणी दटावावयाचें? कुकरच्या शिट्टीपूर्वीं कोणी धांवावयाचें? दाराची घंटा वाजली तर कोणी उठावयाचें? यजमानांची शांतता ज्या बायकांनीं राखिली, त्यांतील किती जणींना ती स्वतःच्या वांट्यास आली? पिढ्यान् पिढ्या त्यांनीं जातें ओढतां ओढतां, धान्य निवडतां निवडतां नाम घेतलें. ती भक्ति थोर खरी. पण तिच्या थोरवीचा दाखला देऊन त्यांना उसंत नाकारणें हा न्याय नव्हे.

महात्मा गांधी सोमवारीं मौन पाळीत. २ जून १९४७ रोजीं सोमवारच होता. त्या दिवशीं माउंटबॅटन यांच्या भेटींत त्यांनीं वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठींवर लिहून उत्तरें दिलीं. तथापि अत्यावश्यक राजकार्य आणि आजाऱ्याची शुश्रूषा यांसाठीं बोलण्याची मोकळीक त्यांनीं व्रत घेतांनाच ठेविली होती. घरांत कोणी कण्हत असतां मौनाचें निमित्त सांगून स्वस्थ बसणारांनीं हें ध्यानीं घ्यावें.

माझ्या पाहण्यांत अकरा माणसांचें एक एकत्र कुटुंब आहे. तेथें तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर अर्धा तास स्वयंपाकघर पुरुषांकडे असावें व देवघरांत घरांतील बायकांनीं पाळीपाळीनें बसावें, असें सासूबाईंनींच ठरवून दिलें. पहिल्या दिवशीं पिठलें करपलें, त्याचा बराच गवगवा झाला. धाकट्या सुनेची पाळी आली तेव्हां ती पाटावर बसल्या बसल्याच झोंपी गेली. दुसऱ्या पाळीसहि तसेंच झालें. मुलें हंसूं लागलीं, तेव्हां सासूबाईंनीं देवघराचें दार हळूच ओढून घेतलें आणि तिला कोणासहि उठवूं दिलें नाहीं.