बाळाचा श्वास मोजा!

जानेवारी 2025 मध्ये 'एचएमपीव्ही' नावाच्या विषाणूने टीव्हीवाल्यांची झोप उडवली. चीनमधून नवी महामारी येत असल्याची हाकाटी झाली. वास्तविक हा विषाणू 2001 मध्येच नेदरलँडच्या शास्त्रज्ञांनी ओळखला होता. थोड्याच दिवसांत बातमी विरली. पण सर्दी-खोकल्यापासून सुरू होऊन बाळाचा श्वास कोंडणारे आजार खेड्यापाड्यांतून विरले नाहीत. त्यांची बातमी होत नाही, कारण ती बाळे गरिबांची असतात.

या आजारांतला सर्वांत मोठा गुन्हेगार 'आरएसव्ही' हा विषाणू. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. मोठ्या माणसाला त्याने नुसते नाक गळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या श्वासनळ्या मात्र इतक्या बारीक असतात, की आत सूज आणि चिकट कफ आला की हवाच पुढे जात नाही. 2019 या एका वर्षात जगात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले या विषाणूने गेली. त्यातली शंभरात सत्त्याण्णव गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. विषाणू जात पाहत नाही हे खरे. मग मरण गरिबाचेच घर का शोधते?

उत्तर शोधायला आमच्या चिखली तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर चला. खोलीला खिडकी नाही. चुलीत पऱ्हाटी आणि तुराट्या जळत आहेत. उज्ज्वलाचे सिलिंडर कोपऱ्यात आहे, पण भरायला पैसे नाहीत. कापूस वेचणीचे दिवस आले की बाळंतीण महिन्या-दोन महिन्यांत शेतावर जाते आणि बाळाचे अंगावरचे दूध तुटते. मुळात आईच अशक्त, म्हणून बाळ जन्मतःच कमी वजनाचे. धूर, कुपोषण आणि कोंदट घर यांनी विषाणूचे निम्मे काम आधीच करून ठेवलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, असे त्यांनी ठासून मांडले. त्याला आता शंभर वर्षे होत आली. तरी शेतमजूर बाईला आजही पगारी बाळंतरजा नाही.

दुसरा मारेकरी म्हणजे उशीर. बाळाला धाप लागली, पोट उडू लागले की आपल्याकडे 'डबा झाला' म्हणतात. मग कुणी बिब्बा घालतो, कुणी पोटावर डागतो, कुणी दोरा बांधतो. बाबासाहेबांनी धम्म दिला तरी हा अंधार काही घरांतून गेलेला नाही, हे कटू असले तरी कबूल केले पाहिजे. त्यात दोन दिवस जातात. मग मेडिकलवरून आणलेल्या औषधात आणखी एक दिवस जातो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. अशा बाळाला प्राणवायू, दूध-पाणी आणि जाणत्या माणसाची नजर लागते. खेड्यातून चिखली आणि चिखलीहून बुलडाणा अशी पळापळ होईपर्यंत बाळाच्या अंगातले बळ संपलेले असते. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या मेळघाटात संशोधकांनी गावोगाव फिरून बालमृत्यूंचा शोध घेतला, तेव्हा आरएसव्हीचे बळी घरीही जात असल्याचे दिसले. दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांची नोंदच होत नाही.

हा उशीर टाळता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ते सिद्ध करून दाखवले. गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना त्यांनी न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा अहवाल आला. जिथे गावातच उपचार झाले तिथे न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे एकही पुरते दगावले नाही. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत मात्र शंभरात तेरा-चौदा दगावली. ज्या दायांना समाजाने अडाणी म्हणून हिणवले, त्यांच्या हातांनी मुले वाचली.

हे ज्ञान सोपे आहे. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याचे पोट उघडे करून घड्याळाने पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त श्वास भरले तर तो धोका समजा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, बाळ पीत नाही, कण्हते, गुंगीत राहते किंवा ओठ निळे पडतात, तर क्षणही न दवडता 108 ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा त्याने दूध सोडले तरी घरी थांबू नका. सर्दी झालेल्या माणसाने बाळाचा मुका घेऊ नये. पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे आणि चुलीजवळ बाळ निजवू नये.

आता सरकारकडे वळू. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस अमेरिकेत 2000 मध्ये आली. आपल्या मोफत लसीकरणात ती 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि देशभर पोहोचायला 2021 उजाडले. तोवर पैसेवाल्याचे मूल खाजगी दवाखान्यात ती लस घेत होते आणि मजुराचे मूल वाट पाहत होते. 2023 मध्ये आरएसव्हीविरुद्ध गरोदर मातेला देण्याची लस परदेशात मंजूर झाली. तिच्यासाठीही आपल्या लेकरांनी वीस वर्षे थांबायचे काय? ही मागणी आजच केली पाहिजे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर दवाखान्यांतून प्राणवायूचे प्रकल्प उभे राहिले. आपल्या भागातला प्रकल्प चालू आहे काय? तान्ह्या बाळाला लावायची नळी तिथे आहे काय? लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

माता रमाईने गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे मातीआड केली. 1926 च्या जुलैत राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेबांसारखा पहाडही खचला होता. त्या काळी इलाज तोकडे होते. आज ते आहेत, म्हणून आजचे मरण नशिबावर ढकलता येणार नाही.

27 मे हा रमाईचा स्मृतिदिन. पावसाळा तोंडावर असतो आणि आजाराचे दिवस जवळ आलेले असतात. त्या दिवशी वंदना झाली की प्रत्येक बुद्धविहारात आशाताईंना बोलवा, वस्तीतल्या सगळ्या आयांना बसवा, मधोमध एक घड्याळ ठेवा आणि बाळाचा श्वास मोजायला शिका. आणि त्या शिकवणीला बापांनीही बसावे.