न्यायला कोण येणार?

जुलैतली सकाळ. इथला हा ऐन हिवाळा, अंगणातल्या वाळूवर अजून दव आहे. सिडनी शहराच्या पश्चिमेला पस्तीसेक किलोमीटरवर ब्लॅकटाउन. तिथल्या एका बालवाडीत आज मी पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसलेय. माझी नाशिकची मैत्रीण इथे शिक्षिका आहे. पालकांना आधी विचारून झालंय, फोन कपाटात ठेवलाय आणि कुणाचंही नाव लिहायचं नाही, हे मी कबूल केलंय.

दारातून तिघी येतात. तरुण आई, तिची आई आणि चार वर्षांची मुलगी. मुलीचा पहिला दिवस. आजीला सगळे ‘नॅन’ म्हणतात. मैत्रीण हसून मान हलवते, पण जागची उठत नाही. पुढे होतात त्या आंटी. साठीच्या आसपासच्या, स्वतः ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी अ‍ॅबोरिजिनल समाजातल्या, आणि मुलांपासून संचालिकेपर्यंत सगळ्यांच्याच आंटी.

प्रवेशाचा फॉर्म टेबलावर आहे. त्याला कुणी हात लावत नाही. आंटी विचारतात, ‘तुमची माणसं कुठली?’ नॅन सांगतात, आम्ही कामिलारॉय, वर उत्तरेकडचे. आंटी विराजुरी. मग कुणाची तरी चुलत बहीण कुणाच्या तरी गावात दिलेली निघते. एसटीत शेजारी बसलेल्या दोन बायका माहेराहून नातं काढत जातात, तसं चाललंय. चहा येतो. नॅन मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्यात, पण बोलणं थांबत नाही. मुलगी त्यांच्या स्कर्टला धरून उभी आहे. तिला कुणी ‘चल, खेळायला चल’ म्हणत नाही.

आता कुठे फॉर्म उघडतो. ‘मुलाला न्यायला कोण येणार?’ या प्रश्नापुढे दोनच चौकटी. आई एकात स्वतःच्या आईचं नाव लिहिते आणि थांबते. नॅन बोटं मोजायला लागतात: मोठी मावशी, धाकटी मावशी, मामा, चुलत भाऊ, तो आता अठरा पुरा झालाय. मैत्रीण एक कोरा कागद काढून फॉर्मला टाचते आणि पेन आईच्या हातात देते. ‘सगळी नावं लिहा. फक्त सही तुमची.’ लेखी परवानगीशिवाय मूल आईबापांखेरीज कुणाच्याही हाती द्यायचं नाही, असा कायदा आहे. नावं दोनच हवीत, असं तो म्हणत नाही. दोन चौकटी छापल्या, त्या फॉर्म करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आईबाप आणि मूल एवढंच घर होतं म्हणून.

या गावात हा प्रश्न साधा नाही. ब्रिटिश गव्हर्नर मॅक्वारीनं 1814 साली शेजारच्या परामाट्यात ‘नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ नावाची शाळा जाहीर केली, ती अ‍ॅबोरिजिनल मुलांना ‘सुधारण्या’साठी. एकदा दाखल झालेलं मूल, मुलगा सोळाचा आणि मुलगी चौदाची होईपर्यंत, आईबापांनाही परत नेता येणार नाही, असा नियमच होता. हे लक्षात आल्यावर लोक मुलं द्यायला कचरू लागले. 1819 च्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिली आलेली, इथल्या मूळच्या धारुग लोकांमधली मुलगी मरिया याच शाळेची. पण तिच्या हुशारीनं नियम बदलला नाही. 1823 मध्ये शाळा इकडे हलली आणि या वस्तीला ‘ब्लॅक टाउन’ हे नाव चिकटलं. पुढे 1915 च्या कायद्यानं न्यू साउथ वेल्स या इथल्या राज्यात अ‍ॅबोरिजिनल मुलं घरातून उचलायला कोर्टाचीही गरज उरली नाही. 1910 ते 1970 या काळात देशभरात दर दहातलं एक ते तिनातलं एक अ‍ॅबोरिजिनल मूल घरापासून तोडलं गेलं, असं 1997 च्या चौकशी अहवालात आहे. 2008 मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. शाळेची ती जागा 2018 मध्ये धारुग लोकांच्या संस्थेकडे परत आली. तरी आजही सरकारी देखरेखीखाली घराबाहेर राहावं लागण्याचं अ‍ॅबोरिजिनल मुलांमधलं प्रमाण इतरांच्या दहापटीहून जास्त आहे.

म्हणून मैत्रिणीचा टॅब्लेट आज कपाटावर पालथा पडलाय. एरवी शिक्षिका मुलांच्या नोंदी तिथल्या तिथे करतात. पण मुलाकडे बघत काहीतरी टिपणारी अनोळखी बाई या आज्यांना कशी दिसत असेल, ते तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. नोंद ती संध्याकाळी करणार आणि आधी आईला वाचून दाखवणार.

आई कामावर जाते, नॅन थांबतात. मुलं अंगणात गोल करतात. ‘वारामी!’ हे धारुग भाषेतलं स्वागत सगळीकडून ऐकू येतं. वाकून तळवे मातीला लावायचे, मग हात वर आभाळाकडे. ही जमीन धारुग लोकांची, तिची काळजी आम्हीही घेऊ, एवढंच म्हणायचं. नवी मुलगी काही म्हणत नाही; तळवा मात्र मातीला लावते.

आत आल्यावर नाक शिंकरायची रांग. प्रत्येकाला कागदी रुमाल, आरसा आणि कचऱ्याचा डबा. ही रांग कानांसाठी. अ‍ॅबोरिजिनल मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साठण्याचं दुखणं फार. ऐकू कमी येतं आणि मूल ‘हट्टी’ किंवा ‘मंद’ ठरतं. मुलीचा डावा कान वरचेवर फुटतो, हे नॅननी चहा पिताना सांगितलंय. मैत्रीण तिच्या उजव्या बाजूला, तिच्यासारखीच समोर बघत बसते. प्रश्न नाही, नजरेला नजर देण्याचा आग्रह नाही. दोघी मातीचे गोळे वळतायत. बऱ्याच वेळानं मुलगी एक गोळा तिच्या पुढ्यात ठेवते. ‘हा माझ्या भावाचा.’

भाऊ म्हणजे मावशीचा मुलगा, दीड वर्षाचा, पलीकडच्या खोलीत. दोन खोल्यांमधलं फाटक उघडं ठेवलंय. मुलगी जाते, त्याचं नाक पुसते, परत येते. कुणी अडवत नाही.

चित्रांच्या टेबलावर शिकाऊ शिक्षिकेनं कापसाच्या काड्या आणि रंग मांडलेत: आज ठिपक्यांचं ‘अ‍ॅबोरिजिनल चित्र’. आंटी शेजारी बसतात. आवाज चढत नाही. ‘ते ठिपके वाळवंटातल्या लोकांचे. 1971 पासून पापुन्या गावात त्यांनी त्यांच्या जमिनीच्या गोष्टी बोर्डांवर उतरवल्या. त्या त्यांच्या गोष्टी आहेत आणि ते इथून दोन हजार किलोमीटर लांब. इथल्या लोकांनी खडकावर मासे कोरले, गुहेत हातांचे ठसे सोडले.’ शिकाऊ मुलगी काड्या उचलते आणि काव मागते. पाण्यात कालवलेली काव फवाऱ्याच्या बाटलीत भरली जाते. कागदावर हात ठेवायचा, वरून फवारायचं, हात काढायचा. नॅनही आपला हात ठेवतात.

अडीच वाजता फाटकावर एक उंच पोरगा. बदली शिक्षिका त्याला ओळखत नाही. ओळखपत्र बघते, टाचलेला कागद उलगडते. चौथं नाव. मुलगी धावत त्याच्या खांद्यावर. नॅन मागून सावकाश निघतात.

मुलं गेल्यावर बैठक. थोडे पैसे शिल्लक आहेत आणि 4 ऑगस्ट तोंडावर आलाय. आपली जन्मतारीखच माहीत नसलेल्या, घरापासून तोडलेल्या मुलांचे वाढदिवस या दिवशी एकत्र साजरे व्हायचे. 1988 पासून तो अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या मुलांचा राष्ट्रीय दिन आहे. संचालिका म्हणते, भिंतीसाठी मोठं चित्र घ्यावं. मैत्रीण म्हणते, आंटींचे सकाळचे दोन तास अजून फुकटच धरले जातात, आधी त्यांचा पगार धरू. क्षणभर सगळ्या आंटींकडे बघतात.

‘तास धरा,’ आंटी म्हणतात. ‘आणि उरले तर मोठ्या माणसांच्या खुर्च्या आणा. आज्या रोज येणार आहेत.’