प्रयोगशाळा सहाय्यकाला कोण शिकवतं?

(कुणकेश्वर, ता. देवगड इथे शिक्षक, प्रयोगशाळा कर्मचारी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

कुणकेश्वराच्या पायाशी समुद्र आहे, आणि आजचं आपलं बरंचसं बोलणं त्या समुद्राबद्दलच होणार आहे. विषय मात्र शाळेच्या प्रयोगशाळेचा. त्यातही प्रयोगशाळेतल्या त्या माणसाचा, जो शाळेच्या वार्षिक फोटोत बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत कडेला उभा असतो. प्रयोगशाळा सहाय्यक आणि प्रयोगशाळा परिचर.

शिक्षक घडवायला डी.एड. आहे, बी.एड. आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण ते वाक्य शिक्षकांबद्दल आहे. ज्याच्या हातात संहत आम्लाची बाटली असते, त्याला कोण शिकवतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: आधीचा माणूस. आधीच्याने दाखवलं, पुढच्याने पाहिलं. आधीचा माणूस जाणता असेल तर ठीक. आणि तो नवा यायच्या आधीच निवृत्त झाला असेल तर?

पद कागदावर, काम हातात

आपल्याकडे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ची सेवाशर्ती नियमावली आहे. प्रयोगशाळा सहाय्यक हे पद तिच्यात आहे. परिचर हा चतुर्थश्रेणीत मोडतो. ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांमधली चतुर्थश्रेणी पदं रिकामी होतील तशी संपत जाणार आणि त्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळणार, असं ठरलं. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बरंच बोललं गेलं आहे, तो वाद आज इथे नको. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच: वीस-पंचवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेला माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या हातातली माहिती घ्यायला पुढचा माणूस तिथे उभा असेलच असं नाही.

आणि प्रयोग तर संपलेले नाहीत. दहावीला विज्ञानात १०० पैकी २० गुण लेखी परीक्षेबाहेरचे आहेत. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. म्हणजे मुलाच्या गुणपत्रिकेवर या माणसाच्या कामाचा थेट परिणाम होतो. आता ते काम नेमकं काय असतं, ते एका उदाहरणावरून बघू.

वीस मिली समुद्र

समजा शिक्षक म्हणाले, ‘उद्या मुलांना समुद्राच्या पाण्यात मीठ किती ते काढून दाखवू.’ पाणी तर फुकट आहे, देवळाच्या पायऱ्या उतरलं की झालं. पद्धती दोन.

पहिली पद्धत सिल्व्हर नायट्रेटची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम. ते तसंच घेतलं तर महाग सिल्व्हर नायट्रेट भराभर संपेल. म्हणून पाणी आधी दहापट विरल करायचं. मग त्यातल्या १० मिलीला ०.१ मोलर द्रावण साधारण साडेपाच मिली लागतं. हिशेब छान बसतो. पण या पद्धतीत दर्शक म्हणून पोटॅशियम क्रोमेट वापरतात, आणि ते विषारी. उरलेलं पाणी मोरीत ओतता येत नाही, साठवावं लागतं. वीस मुलांच्या हातात ते द्यायचं का, हा विचार आधी करायला हवा.

दुसरी पद्धत साधी. पाणी आटवायचं, मीठ तोलायचं. १०० मिली पाण्यातून साधारण साडेतीन ग्रॅम क्षार मिळतात. पुस्तकात हे एका ओळीत होतं. आता स्पिरिटच्या दिव्यावर १०० मिली पाणी खरोखर आटवून बघा. तासभर सहज जातो, आणि आपला तास पस्तीस मिनिटांचा! म्हणून जाणता सहाय्यक २० मिली घेतो. पंधरा-वीस मिनिटांत पाणी आटतं आणि ०.७ ग्रॅम मीठ मिळतं. पण मग वजनकाटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा हवा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. आटत आलेलं मीठ शेवटी तडतडतं, बाहेर उडतं. म्हणून शेवटी ज्योत बाजूला घ्यायची आणि बाष्पनपात्रावर जाळी किंवा काचेची तबकडी अर्धवट झाकायची. मुलांच्या डोळ्यांवर चष्मे हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे मीठ आपल्या हवेत ठेवलं की पाणी ओढून घेतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. पात्र निवलं की लगेच तोला. मधल्या सुट्टीनंतर तोललं तर आकडा वाढलेला दिसेल आणि मुलं म्हणतील, ‘सर, मीठ वाढलं!’

बघा, यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण एकही गोष्ट करून बघितल्याशिवाय कळत नाही. याला आम्ही पूर्वचाचणी म्हणतो. वर्गात प्रयोग होण्याच्या आदल्या दिवशी, त्याच उपकरणांनी, त्याच पाण्याने, घड्याळ लावून तो एकदा स्वतः करायचा. प्रशिक्षणातून एकच सवय घरी न्यायची असेल तर ही न्या.

आणखी एक. हाच प्रयोग मे महिन्यात खाडीच्या मुखाशी करा आणि भर पावसात परत करा. गोड्या पाण्याने मीठ किती पातळ झालं ते मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल. हे कुठल्याही तयार विज्ञानपेटीत मिळत नाही.

खारी हवा आणि बुरशी

पुण्या-मुंबईचं प्रशिक्षण जसंच्या तसं इथे का चालत नाही, ते आता बघू. आपली हवा खारी आहे आणि चार महिने ती ओलीकच्च असते. प्रयोगशाळेतली निम्मी मोडतोड मुलं करत नाहीत, ही हवा करते.

सूक्ष्मदर्शक घ्या. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. एकदा ती मुरली की काचेवरचा लेपही खाते, मग पुसून काही होत नाही. उपाय जुना आहे: लाकडी कपाटात खाली पंधरा-पंचवीस वॉटचा दिवा लावून ठेवायचा. हवा थोडी गरम राहते, ओल धरत नाही. पण तो जुना, तारेचा दिवा हवा. एलईडी लावून उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब फारशी देत नाही. वीज सारखी जात असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. रंग बदलला की जेल भट्टीत सुमारे १२० अंशांवर तापवायचं, परत वापरायचं. भिंग शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही. शर्टावर धूळ असते, धुळीत वाळू, आणि वाळूने काचेवर ओरखडे येतात.

विजेच्या प्रयोगांत पितळी स्क्रूवर हिरवा थर येतो. मग ओहमच्या नियमाची आलेखरेषा वाकडी येते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. तो थर आमसुलाने निघतो, घरात तांब्या-पितळेची भांडी निघतात तशीच. पण नंतर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं केलं नाही तर राहिलेलं आम्लच पुढची झीज सुरू करतं. लोखंडी स्टँडना पावसाआधी तेलाचा किंवा व्हॅसलीनचा हात द्या. पट्टीचुंबक डब्यात ढीग करून टाकू नका. विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे जोडीने ठेवा, टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावा. सोडियम हायड्रॉक्साइडला काचेचं बूच कधी नको, ते असं चिकटतं की बाटली फोडावी लागते. रबराचं किंवा प्लास्टिकचं बूच लावा. तेच द्रावण ब्युरेटमध्ये वापरलं असेल तर तास संपल्याबरोबर पाण्याने धुवा, उद्यावर टाकू नका.

‘काय होवचा नाय’

हे आपलं लाडकं वाक्य. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, म्हणून तर ते धोक्याचं. 

आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल ओतायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. का, हे विचारलं की गडबड होते. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४, म्हणजे ते पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड. पाण्यात ओतलं की ते खाली जातं, आणि निघणारी उष्णता भोवतालच्या भरपूर पाण्यात वाटली जाते. उलट केलं तर पाणी वर तरंगतं, जिथे दोन्ही भेटतात तिथेच उकळतं आणि आम्लासकट अंगावर उडतं. एक लिटर १ मोलर द्रावणाला ९८ टक्क्यांचं आम्ल साधारण ५४ मिली लागतं. ते सहाशे-सातशे मिली पाण्यात, थोडं थोडं, काचकांडीने ढवळत घालायचं, निवू द्यायचं आणि मगच लिटरच्या खुणेपर्यंत पाणी घालायचं. गरम असताना खूण गाठली तर निवल्यावर पातळी खाली जाते, द्रावण चुकतं.

कारण कळलं की नियम लक्षात ठेवावा लागत नाही. प्रशिक्षणात ‘हे करू नका’ अशी पंचवीस कलमी यादी भिंतीवर लावण्यापेक्षा पाच गोष्टी कारणांसकट हाताने करून घेतल्या तर त्या जन्मभर राहतात.

मग प्रशिक्षण कसं असावं?

इंग्लंडमध्ये १९६३ साली स्थानिक शिक्षण मंडळांनी एकत्र येऊन क्लीप्स नावाची संस्था काढली. शाळांना प्रयोगांबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल सल्ला देणं हे तिचं काम. एकेका रसायनाचे धोके आणि विल्हेवाट सांगणारी कार्डं ती काढते, तंत्रज्ञांसाठी वर्ग घेते, आणि अडलं तर सभासद शाळेतला तंत्रज्ञ तिला फोन करून विचारू शकतो. तिथे अलीकडे थेंबा-थेंबाने करायच्या रसायनप्रयोगांवर भर आहे. पाच मिलीऐवजी पाच थेंब. खर्च कमी, धूर कमी, मोरीत जाणारं विष कमी. आपल्या मोरीचं पाणी शेवटी कुठे जातं हे कुणकेश्वरात सांगायला नको.

इतकं लांब जायचंही कारण नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या पायावर. मुंबईत १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आणि आपल्या तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनांत प्रयोगशाळा सहाय्यक-परिचरांनी केलेल्या साधनांचा वेगळा गट असतो. किती पालकांना हे माहीत आहे? मुलांचे प्रकल्प बघायला गर्दी होते. पुढच्या वेळी त्या टेबलांपाशीही थांबा. विचारा, हे कशापासून केलं, किती खर्च आला, पहिल्यांदा का बिघडलं.

आमची सूचना साधी आहे. आठ-दहा शाळांनी मिळून तीन महिन्यांतून एक दिवस एकत्र यावं, दर वेळी वेगळ्या शाळेत. सकाळी एक दुरुस्ती, दुपारी एक पूर्वचाचणी. प्रत्येकाने आपल्या शाळेतलं एक बंद पडलेलं उपकरण आणायचं आणि चालू करून न्यायचं. शिकवणारा बाहेरचाच हवा असं नाही. ज्याला बुरशी काढता येते तो ते शिकवेल, ज्याला काच वाकवता येते तो ते. निवृत्त झालेल्यांना आवर्जून बोलवा. प्रमाणपत्र द्या, ते सेवापुस्तकात नोंदवा, कारण नोंद झाली की मान मिळतो.

आणि एक वही. जडसंग्रह नोंदवही असतेच, ती वेगळी. या वहीत प्रत्येक प्रयोगाला एक पान: काय घेतलं, किती घेतलं, किती वेळ लागला, काय बिघडलं. माणूस गेला तरी वही राहते.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न:* आमच्या शाळेत सहाय्यकही नाही, परिचरही नाही. विज्ञानाचे शिक्षकच सगळं करतात. त्यांनी काय करावं?

*उत्तर:* प्रयोग कमी निवडावेत, पण मुलांच्या हातून करून घ्यावेत. थेंबांची पद्धत धरावी. धुणं, पुसणं, मोजून परत ठेवणं मुलांना शिकवावं, तेही विज्ञानच आहे. संहत आम्ल पातळ करणं मात्र मुलांवर सोपवू नये, कितीही हुशार मुलगा असला तरी.

*प्रश्न:* मे महिन्याच्या सुट्टीआधी काय करून ठेवावं?

*उत्तर:* तीन कामं. सूक्ष्मदर्शक डब्यात. मीटरमधले आणि टॉर्चमधले सेल काढून ठेवा, ते गळतात. आणि हायड्रोक्लोरिक आम्ल व अमोनिया वेगवेगळ्या कपाटांत. एकत्र ठेवले तर जूनमध्ये सगळ्या बाटल्यांवर पांढरी पूड बसलेली असते आणि लेबलं वाचता येत नाहीत. जमलं तर आम्ल धातूच्या वस्तूंपासूनही दूर ठेवा, त्याच्या वाफेने लोखंड लवकर गंजतं.

*प्रश्न:* आम्ही पालक आहोत, आम्हाला यातलं काही कळत नाही. आम्ही काय करणार?

*उत्तर:* पालकसभेत एक प्रश्न विचारा: ‘या वर्षी माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले?’ किती दाखवले, ते नको. किती केले. उत्तर कमी आलं तर रागावू नका. त्यासाठी कोणता माणूस हवा, त्याला काय शिकायला मिळायला हवं, हे पुढे विचारा. आणि तो माणूस शाळेत असेल तर त्याला एकदा नावाने हाक मारा.