अंतर्गळाचा रुग्ण : गाठ दिसल्यापासून पुन्हा कामावर जाईपर्यंत

जबलपूरहून सिहोरा आणि कटनी यांच्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पनागर हे लहानसे शहर लागते. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्याच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात शेंगांची तोडणी सुरू झाली, की भरलेली पोती पाठीवर घेणे, वाहनात चढविणे आणि बाजारात उतरविणे या कामांवर अनेकांची उपजीविका चालते. अशा कष्टात दिवस घालविणाऱ्या एखाद्या माणसाच्या हाताला एके दिवशी स्नान करताना जांघेत लिंबाएवढा फुगवटा लागतो. खोकला आला म्हणजे तो मोठा होतो. अंथरुणावर आडवे झाले म्हणजे दिसेनासा होतो. फारसे दुखत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, आणि जागा संकोचाची असल्यामुळे घरातही त्याविषयी शब्द निघत नाही.

हिंदी बोलणारी माणसे या विकाराला ‘आँत उतरना’ असे म्हणतात. मराठीतील ‘अंतर्गळ’ या शब्दातही आतले काही तरी खाली घसरते हाच भाव आहे. डॉक्टर त्यालाच हर्निया म्हणतात. रुग्ण अखेर दवाखान्याची पायरी चढतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा तीन प्रश्न असतात. कापल्यावाचून हे बरे होईल काय? पुन्हा ओझे उचलता येईल काय? आणि हा खर्च झेपणार कसा? वैद्यकशास्त्राला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधावी लागली आहेत, आणि त्यांतील काही उत्तरे रुग्णांनीच दाखवून दिली आहेत.

कापल्यावाचून बरे होईल काय?

सायकलच्या टायरला एखाद्या जागी चीर गेली, तर आतील ट्यूब तेथून फुग्यासारखी बाहेर येते. अंतर्गळाचे स्वरूप काहीसे असेच असते. पोटाची पुढील भिंत स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या थरांनी बनलेली असते. तीत एखादी दुबळी जागा असली, की पोटातील दाबामुळे आतील अस्तर पिशवीसारखे बाहेर ढकलले जाते आणि त्या पिशवीत चरबी किंवा आतड्याचा भाग उतरतो.

जांघेतील अंतर्गळ पुरुषांत फार अधिक आढळतो. वृषण जन्मापूर्वी पोटात असतात आणि जांघेतील एका तिरप्या मार्गाने खाली येतात. हा मार्ग पुढे मिटला, तरी ती जागा आयुष्यभर थोडी कच्ची राहते. काही बालकांत तो जन्मतः उघडाच असतो. प्रौढपणी त्यात विडीमुळे जडलेला जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीसाठी कुंथण्याची सवय आणि वाढते वय यांची भर पडते. ‘पोते उचलले म्हणून आतडे उतरले’ हे म्हणणे यास्तव अर्धेच खरे असते. ओझे पुष्कळदा आधीचाच दुबळेपणा उघड करते. साधारणतः चार पुरुषांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

टायरची चीर आपोआप सांधत नाही. त्याचप्रमाणे प्रौढ माणसाच्या पोटातील हे भगदाड चूर्णाने, लेपाने किंवा मालिशीने बुजत नाही. कमरपट्टा बांधल्याने फुगवटा काही काळ आत राहतो, पण छिद्र तसेच राहते. मग शस्त्रक्रिया तत्काळ केलीच पाहिजे काय? या प्रश्नाचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांपैकी निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया करण्याचे ठरले, व उरलेल्यांना केवळ देखरेखीखाली ठेवण्यात आले. थांबलेल्यांवर अचानक संकट ओढवण्याचे प्रमाण फार अल्प निघाले. तथापि, दोन वर्षांतच त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्शाने शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे १० वर्षांपर्यंत हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांवर गेले. कारण बहुधा एकच होते : दुखणे वाढत गेले.

या अभ्यासाचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याच्या घराजवळ रात्रीबेरात्री शस्त्रवैद्य उपलब्ध आहे, त्याचे थांबणे वेगळे. शेतावरच्या वस्तीत राहणाऱ्याचे थांबणे वेगळे. बाहेर आलेले आतडे छिद्रात अडकून पडले आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांतच ते निर्जीव होऊ लागते. फुगवटा अकस्मात कठीण होणे, आडवे झाले तरी आत न जाणे, असह्य कळ, उलट्या आणि वारा न सरणे ही त्या संकटाची लक्षणे होत. अशा वेळी गाठ बळाने आत दाबू नये, जुलाबाचे औषध देऊ नये आणि सकाळ होण्याची वाट पाहू नये. स्त्रियांमध्ये अंतर्गळ कमी आढळतो. पण त्यांच्यात मांडीच्या मुळाशी होणाऱ्या प्रकाराचे प्रमाण अधिक असते आणि तो अडकण्याचा संभव पुष्कळ असतो. म्हणून त्यांनी तर मुळीच थांबू नये.

पुन्हा ओझे उचलता येईल काय?

या प्रश्नाच्या इतिहासाची सुरुवात एका जखमी सैनिकापासून करता येते. एदोआर्दो बासिनी हा इटलीतील तरुण डॉक्टर १८६७ साली गॅरिबाल्डीच्या बाजूने लढताना संगिनीच्या वाराने जखमी झाला. वार उजव्या जांघेतच होता आणि ती जखम भरून येण्यास अनेक महिने लागले. पुढे पादुआ येथे शस्त्रवैद्य झाल्यावर त्याने शरीराच्या याच भागाचा बारकाईने अभ्यास केला. १८८४ पासून त्याने केवळ पिशवी बांधून न टाकता मागील भिंतीचे थर टाक्यांनी पुन्हा उभारण्याची पद्धत आचरणात आणली. आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया तेथे घातला गेला.

मात्र त्या काळी आणि त्यानंतरही बरीच वर्षे रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निश्चल पडावे लागे. हालचाल केली तर टाके तुटतील, अशी समजूत होती. कॅनडातील टोरांटो येथील एडवर्ड अर्ल शोल्डाइस यांनी १९३२ साली एका सात वर्षांच्या मुलीच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. ती मुलगी काही केल्या अंथरुणावर स्वस्थ पडून राहीना. आणि तरीही तिला कोणताही अपाय झाला नाही. या साध्या निरीक्षणावरून त्यांनी अंतर्गळाच्या रुग्णांनाही लवकर उठवून चालविण्यास सुरुवात केली. १९४५ साली त्यांनी केवळ या विकारासाठी रुग्णालय उघडले. तेथे बऱ्या झालेल्या रुग्णांचे वार्षिक स्नेहसंमेलन भरू लागले व त्या निमित्ताने त्यांची पुन्हा तपासणीही होऊ लागली. शस्त्रक्रियेचे खरे यश रुग्णालयातून घरी जाण्याच्या दिवशी कळत नसून काही वर्षांनी कळते, हे त्यामागील तत्त्व होय.

टाक्यांनी भिंत ओढून शिवली, की तिच्यावर ताण येतो आणि काही रुग्णांत छिद्र पुन्हा उघडते. त्यावर कृत्रिम धाग्यांच्या जाळीचा उपाय निघाला. अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमारास प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी वापरात आणली. अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८० नंतरच्या दशकात, ताण न देता जाळीचे ठिगळ बसविण्याची पद्धत रूढ केली. या ठिगळाच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि जाळी व भिंत एकजीव होतात. त्यामुळे अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटले. आज दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतूनही हीच जाळी बसविता येते.

रुग्णाचा अनुभव मात्र इतिहासाहून निराळा असतो. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, की माणूस जागा असतो, पण आपले पाय आपले नाहीत असे त्याला वाटते. शस्त्रक्रिया बहुधा तासाभरात आटोपते. बधिरता ओसरताना जांघेत आग होऊ लागते आणि काही रुग्णांना पहिली लघवी होण्यास अडचण पडते. तसे झाल्यास परिचारिकेला सांगण्यात संकोच करू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चालण्यास सांगितले जाते. टाके तुटतील या भीतीने रुग्ण वाकून, पाय ओढत पहिली पावले टाकतो. खोकताना किंवा शिंकताना जखमेवर तळहाताचा किंवा उशीचा आधार दिला, तर वेदना पुष्कळ कमी होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडकोशावर सूज व काळसर-निळा रंग दिसून अनेक रुग्ण घाबरतात. शस्त्रक्रियेच्या जागेचे थोडे रक्त खाली झिरपल्यामुळे असे होते आणि ते आपोआप ओसरते. घट्ट आधाराचे अंतर्वस्त्र त्यात उपयोगी पडते. जखमेभोवतीची त्वचा काही महिने बधिर राहू शकते. जखमेच्या खाली कठीण वळ हाताला लागतो. ती नवी गाठ नसून भरून येणारी जखम असते. परंतु ताप, जखमेतून पू, वाढती लाली किंवा लघवी पूर्ण अडणे ही चिन्हे दिसली, तर लगेच परत जावे. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून भरपूर पाणी, भाजीपाला आणि फळे घ्यावीत. विडी तर कायमची सोडावी.

चालणे, जिने चढणे आणि बैठे काम बहुतेकांना आठवड्याभरात जमते. जड ओझ्यासाठी चार ते सहा आठवडे थांबण्याचा सल्ला आपल्याकडे सामान्यतः दिला जातो, आणि अंतिम शब्द अर्थातच शस्त्रक्रिया करणाऱ्याचा असतो. जन्मभर ओझे न उचलण्याचे पथ्य मात्र आज कोणी सांगत नाही. यात एक उणे आहे, तेही सांगितले पाहिजे : सुमारे दहा रुग्णांपैकी एकाला तीन महिन्यांनंतरही कमीअधिक दुखणे राहते, आणि त्यांतील थोड्यांना ते कामात अडथळा आणण्याइतके तीव्र असते. ते सहन करीत बसू नये; त्यावरही उपचार आहेत.

हा खर्च झेपणार कसा?

तिसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातील एका लहान गावातून आले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे ग्रामीण रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढे पेच होता. जाळीची पद्धत उत्तम, पण कारखान्यातून येणारी जाळी गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेरची. त्यांचे लक्ष मच्छरदाणीच्या कापडाकडे गेले. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या संयुक्त धाग्याचे ते कापड शस्त्रक्रियेच्या जाळीशी रचनेने जवळचे होते. योग्य तुकडे कापून व निर्जंतुक करून ते वापरता येते काय, हे त्यांनी आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांनी पडताळून पाहिले. ३५९ अंतर्गळांवरील अनुभव त्यांनी २००३ साली भारतीय शस्त्रवैद्यांच्या नियतकालिकात मांडला.

कल्पना सुचणे वेगळे आणि ती कठोर कसोटीला उतरणे वेगळे. ती कसोटी पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात झाली. तेथे ३०२ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून, एका गटात स्वस्त मच्छरदाणीची आणि दुसऱ्यात महाग जाळी बसविण्यात आली. एक वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात केवळ एका रुग्णाचा अंतर्गळ परतला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. हा फरक नगण्य ठरला. किमतीतील फरक मात्र सुमारे १ डॉलर आणि १२५ डॉलर एवढा होता. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. घरातील कोणतीही मच्छरदाणी या कामी चालते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. धाग्याची निवड, छिद्रांचा आकार आणि निर्जंतुक करण्याचे तापमान यांवर सर्व काही अवलंबून असते.

पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. जाळीच मुळी नको, असे त्यांचे म्हणणे. रुग्णाच्या पोटावरील चिवट पडद्याची एक पट्टी मुळापासून न तोडता खाली वळवावयाची आणि तिनेच दुबळी भिंत झाकावयाची. ही पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. पोलंडमधील २०८ रुग्णांवर तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना करण्यात आली. तीन वर्षांत दोन्ही गटांत प्रत्येकी दोन रुग्णांचाच अंतर्गळ परतल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आढळते.

पनागरच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयासाठी दूर जावे लागत नाही. जबलपूर येथे १९५५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे साहाय्य मिळते. आपले कुटुंब पात्र आहे काय, आणि ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात त्या योजनेखाली होते, हे आधीच विचारून घेणे हिताचे असते.

एवढे असूनही अनेक रुग्ण गाठ नारळाएवढी होईपर्यंत थांबतात. मजुरी बुडेल ही त्यांची भीती खोटी नाही. पण आधी दिवस ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत काही आठवड्यांची मजुरी जाते. मध्यरात्री आतडे अडकल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग, घरची गंगाजळी आणि कधी कधी प्राणही जातो. तोडणीचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत जो रुग्ण संकोच सोडून रुग्णालयात जातो, तो पुढच्या हिवाळ्यात वाटाण्याचे पोते पुन्हा पाठीवर घेऊ शकतो.